आंधळीचं वळण

नवीन आलेल्या ड्रायव्हरांना मास्तर पहिल्या दिवशी गाडीत बसूच द्यायचा नाही. "बूट घाला आणि माझ्यामागून चला," म्हणायचा, आणि अख्खा ट्रॅक त्यांना पायी फिरवायचा. पोरं तोंडं वाकडी करायची. वेगासाठी आलेल्या माणसाला चालायला लावलं की आणखी काय होणार? मास्तर कुठल्या शाळेत कधी शिकवायला नव्हता. तो स्वतः शर्यतीचाच ड्रायव्हर. पण समजावून सांगायची हौस इतकी, की मेकॅनिकांनी त्याला हे नाव चिकटवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

"सरळ रस्त्याला घाबरायचं कारण नाही," तो चालता चालता सांगायचा. "तिथं पाय दाबायला कुणालाही येतं. माणसाची परीक्षा वळणावर. त्यातही एकेकटं वळण सोपं असतं. अवघड असतात ती पाठोपाठ आलेली. पहिल्यात जरा हावरटपणा केलात, की दुसऱ्यात तोंड चुकीच्या दिशेला, आणि तिसऱ्यात गवतात." मग मध्येच खाली बसून तो डांबरावर तळहात ठेवायचा. "हे जुनं डांबर. खरखरीत आहे, टायर धरून ठेवतं. आणि हे ठिगळ बघा, नवीन आहे. ओलं झालं की साबण."

चढ कुठं सुरू होतो, कुठं रस्ता आत झुकलाय आणि कुठं बाहेर, ऊन डोळ्यांवर कधी येतं, शेवटच्या फेऱ्यांत मान आणि खांदे कसे भरून येतात आणि थकलेला माणूस नेमका कुठं चुकतो, सगळं तो सांगायचा. आणि असं अर्धंअधिक चालून झालं, पोरांच्या पायांत गोळे आले, की आंधळी यायची.

आंधळी म्हणजे त्या ट्रॅकचं सगळ्यात अवघड वळण. रस्ता एका उंचवट्यावर चढायचा आणि नेमका माथ्यावरच डावीकडे वळायचा. ड्रायव्हरच्या जागेवरून समोर दिसायचं ते फक्त आभाळ. पुढं रस्ता आहे हे आठवणीवर विसंबूनच धरून चालायचं. त्यात माथ्यावर गाडी हलकी व्हायची, टायरची पकड निम्मी, आणि नेमकं तेव्हाच वळायचं. पलीकडे उतरताना रस्ता बाहेरच्या बाजूला झुकलेला, म्हणजे गाडीला तो आपणहून बाहेर ढकलायचा. आणि बाहेर जागा कुठं होती? गवताची अरुंद पट्टी, आणि लगेच मातीचा बांध. बांधापलीकडे सार्वजनिक रस्ता, म्हणून तो मागं सरकवताही येत नव्हता. माथा उघडा, झाड नाही की भिंत नाही. वारा कुठून येईल त्याचा नेम नाही.

"स्टिअरिंग आधी वळवायचं," मास्तर सांगायचा. "वळण दिसायच्या आधी. गाडी जड आहे तोवर. आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. पाय उचललात की सगळं वजन पुढं पडतं, मागची चाकं सुटतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणजे घाबरलात तर अर्धंच घाबरू नका. एकतर चढाच्या खूप आधी हळू व्हा, नाहीतर अजिबात होऊ नका."

"तुम्ही काय करता?" कुणीतरी विचारायचंच.

"मी हळू होतो," मास्तर म्हणायचा. "न होणारा एकच आहे. तो बघा, तिकडं डबा खातोय."

डबा खाणारा तो घड्याळराव. हेही मेकॅनिकांनीच ठेवलेलं नाव. इतर ड्रायव्हरांची एक फेरी जलद जायची, एक रखडायची. त्याच्या फेऱ्या घड्याळाच्या ठोक्यासारख्या एकसारख्या पडायच्या. दोघं एकाच संघात होते. सुरुवातीला मास्तरला त्याचा राग यायचा, कारण संघात आपल्यापेक्षा जलद माणूस कुणाला आवडतो? मग एकदा त्यानं त्याला घरी जेवायला नेलं. तिथं मास्तरची बहीण होती. तिला सगळे धाकटीच म्हणत. जेवण झाल्यावर घड्याळराव उठायचं नाव घेईना. पुढच्या खेपेला त्यानं मास्तर नसताना यायला सुरुवात केली, आणि वर्षाच्या आत राग येणाऱ्याचा तो मेहुणा झाला.

धाकटी ड्रायव्हरांचे सूट शिवायची. ट्रॅकपासून थोड्या अंतरावर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. कापड न पेटणारं आणि दोराही न पेटणारा. साध्या दोऱ्यानं शिवलं तर आगीत कापड टिकतं आणि शिवण वितळून जाते, हे ती प्रत्येक नव्या मदतनिसाला आधी बजावायची. खांद्याला जादा कापड, कारण बेशुद्ध ड्रायव्हरला तिथं धरूनच गाडीतून ओढून काढतात. कोपरापाशी सैल, कमरेला घट्ट. नवऱ्याचा सूट ती स्वतःच शिवायची, मदतनिसाला हातही लावू द्यायची नाही.

ट्रॅकवर मात्र ती कधी गेली नव्हती. "मला बघवत नाही," म्हणायची. शर्यतीच्या दिवशी ती मशिनवर बसायची आणि तिची सासू दाराशी बसायची. गाड्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. सासूबाईंना म्हणे लेकाच्या गाडीचा आवाज ओळखू यायचा. सगळे हसायचे, पण सासूबाई ठाम असायच्या.

मागं एकदा ट्रॅकच्या व्यवस्थापनानं आंधळी बदलायचा विचार बोलून दाखवला होता. उंचवटा कापायचा, वळण हळू करायचं. ड्रायव्हरांच्या समितीनं एकमतानं नको म्हटलं, आणि सगळ्यात मोठा आवाज घड्याळरावाचा होता. त्या संध्याकाळी घरी जेवताना तो तावातावानं बोलत होता.

"आंधळी काढली तर मी शर्यत सोडून बस चालवीन!"

"चालव," धाकटी म्हणाली. "निदान जेवायला तरी वेळेवर येशील."

"घड्याळ म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "जन्मल्यापासून एकदा वेळेवर आला असेल तर शपथ."

मास्तर हसता हसता ठसकला होता. घड्याळरावानं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या होत्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव असतो. त्या दिवशी ऊन होतं, रस्ता कोरडा होता. वारा मात्र सकाळपासून दिशा बदलत होता. आंधळीच्या माथ्यावर निशाण घेऊन उभा असलेला माणूस नंतर चौकशीत म्हणाला, की घड्याळराव नेहमीसारखाच आला. नेहमीच्याच जागी त्यानं स्टिअरिंग वळवलं. तेवढ्यात एक झोत आडवा आला, इतका की निशाण हातातून निसटलं. गाडी हातभर बाहेर गेली. हातभरच. पण बाहेर झुकलेल्या रस्त्यानं त्या हातभराचं पुढचं सगळं केलं. गवताच्या पट्टीला ती थांबवण्याची ताकद नव्हती.

मास्तर त्याच्या मागून येत होता. माथा ओलांडला तेव्हा त्याला धूळ दिसली. तो गाडी सोडून पळाला. पुढचं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, धाकटीलाही नाही. तिनंही विचारलं नाही.

घरी बातमी सांगायला तोच गेला. दारात सासूबाई बसल्या होत्या. त्याला चालत येताना बघून त्या म्हणाल्या, "मघाशी आवाज बंद झाला त्याचा." एवढंच. मग त्यांनी सरकून त्याला आत जायला वाट दिली.

चौकशी झाली. गाडीत दोष नव्हता. ड्रायव्हरची चूक नव्हती. ट्रॅक नियमांप्रमाणे होता. वाऱ्यावर कुणाचा ताबा नसतो. कुणाचीच चूक नाही असं ठरलं, आणि धाकटीला सगळ्यात जास्त राग आला तो त्याचाच.

काही दिवसांनी दवाखान्यातून एक पुडकं आलं. त्यात सूट होता. शिवण कुठंही उसवली नव्हती, पण डॉक्टरांनी घाईत तो कात्रीनं गळ्यापासून खाली मधोमध कापला होता. धाकटीनं तो मशिनच्या टेबलावर पसरला आणि कापलेल्या दोन्ही कडा जवळ आणून बघितल्या. जुळत होत्या. ती कितीतरी वेळ त्या कडा बोटांनी धरून बसली. शेवटी सासूबाई आल्या, त्यांनी तिचे हात हळूच सोडवले आणि सूट घडी करून नेला. धाकटी रडली नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं काम घेऊन मशिनवर बसली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. सासूबाईंना ते आवडलं नाही. "खंबीर कसली," त्या मास्तरला म्हणाल्या, "आत सगळं गोठलंय तिचं."

मग एके सकाळी ती उठली आणि सरळ ट्रॅकच्या व्यवस्थापकांच्या कार्यालयात गेली. आंधळी काढा, म्हणाली. व्यवस्थापक भला माणूस. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, आमची कधीच ना नव्हती, पण ड्रायव्हरांच्या समितीनं मान्य करायला हवं.

तिथून ती मास्तरकडे आली. तो खोलीत एकटाच चहा करत होता.

"दादा, समितीत तू बोलायचंस."

मास्तरनं गॅस बंद केला. "धाकटे, तो स्वतः नको म्हणाला होता."

"माहीत आहे मला. माझ्यासमोर जेवता जेवता म्हणाला होता. मी हसले होते." तिचा आवाज चढला नाही. "मेलेल्या माणसाचं मत मोजतात का तुमच्यात?"

मास्तरनं चहाचं भांडं उतरवून ठेवलं. तो म्हणाला, "तू ते वळण बघितलंयस का कधी?"

"नाही."

"मग आधी बघ. मग सांगशील ते मी करीन."

ट्रॅक मोकळा असतो अशा एका सकाळी तो तिला घेऊन गेला. शिकाऊ ड्रायव्हरांसाठी दोन जागांची गाडी असते, तीत बसवलं. पट्टे त्यानं स्वतः आवळले. हेल्मेट तिला मोठं होत होतं, सारखं डोळ्यांवर यायचं. पहिली फेरी त्यानं अगदी सावकाश मारली आणि सवयीप्रमाणे समजावत राहिला. इथं ब्रेक, इथं दोन गियर खाली, इथं आतल्या कडेला चिकटायचं. उंचवटा आला, गाडी चढली, वळली, उतरली.

"हेच?" ती म्हणाली. "यात काय आहे?"

"हळू गेलं तर काहीच नाही."

"मग जोरात ने."

"धाकटे..."

"ने म्हणते ना."

त्यानं नेलं. पहिल्या वळणालाच तिचं डोकं बाजूला फेकलं गेलं, मानेचे स्नायू ताणले. दुसऱ्याला श्वास अडकला. आपण शिवलेल्या सूटच्या खांद्यांवर काय जोर येत असेल ते तिला पहिल्यांदा स्वतःच्या खांद्यांवर कळलं. सरळ रस्ता संपला आणि समोर चढ आला. रस्ता जणू आभाळात घुसत होता. पुढं काही नव्हतं. तिनं डोळे मिटायचे ठरवले होते, पण मिटले नाहीत. दादाचे हात वळले, अजून वळण दिसलंही नव्हतं तरी वळले. गाडी पाण्यावर सोडल्यासारखी झाली, आणि त्याच क्षणी इंजिनचा आवाज किंचित खाली आला. मग डांबर दिसलं, चाकं टेकली, बांध खिडकीबाहेरून सरकला. इतका जवळून, की मातीतली मुळं दिसली.

पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथं, गाडी थांबवून मास्तरनं हेल्मेट काढलं. धाकटीनं काढलं नाही. आतूनच विचारलं, "वर आवाज का कमी झाला?"

"मी पाय उचलला. जरासा. आणि आधीच वेग कमी ठेवला होता."

"तो उचलायचा?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. म्हणून तर तो आमच्यापुढं असायचा. बाकी सगळ्या ट्रॅकवर मी त्याच्या बरोबरीचा होतो. आंधळीला तो निघून जायचा."

"तुला का नाही जमलं?"

मास्तरनं स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "भीती वाटते म्हणून."

"आणि त्याला वाटायची नाही."

"वाटायची की." मास्तर सहज बोलून गेला, मग थबकला, पण आता मागं घेता येणार नव्हतं. "मला एकदा म्हणाला होता. दर फेरीला त्या चढावर माझा पाय मला म्हणतो, उचल मला. मी त्याचं ऐकत नाही, म्हणाला. शर्यत संपल्यावर तो पाय थरथरायचा त्याचा. तो उतरल्यावर आधी डबा खायला बसायचा ना, ते त्यासाठी. कुणाला दिसू नये म्हणून."

धाकटीनं आता हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते.

"मला कधी बोलला नाही तो."

"कुणालाच बोलायचा नाही."

"मला वाटायचं, भीती म्हणजे काय ते या माणसाला ठाऊकच नाही. मी त्या भरवशावर राहायचे रे. आदल्या रात्री गाढ झोपायचे. आणि तो शेजारी जागाच असेल..." तिनं पट्टे सोडायचा प्रयत्न केला, ते सुटेनात. मास्तरनं सोडवून दिले. उतरताना ती म्हणाली, "दादा, भ्यायलेला माणूस वाचतो आणि भीती गिळून जाणारा मरतो, असलं वळण काय कामाचं? तू बोल."

समितीची बैठक पिटच्या वरच्या खोलीत झाली. लोखंडी खुर्च्या, एक लांब टेबल, खिडकीतून दिसणारा रिकामा ट्रॅक. आधी ठिणगी बोलली. ठिणगी म्हणजे सगळ्यांत तरुण ड्रायव्हर, मास्तरच्याच हाताखाली तयार झालेली. आंधळीला घड्याळरावाच्या जवळपास कुणी पोचत असेल तर तीच.

"मला वाईट वाटत नाही असं कुणी समजू नये," ती म्हणाली. "पण मास्तर, तुम्हीच मला पायी फिरवून शिकवलंत. सरळ रस्त्यावर जास्त पैशाचं इंजिन जिंकतं. हळू वळणावर चांगले ब्रेक जिंकतात. इथं एकच जागा आहे जिथं फक्त माणूस जिंकतो. ती काढलीत तर आम्ही करायचं काय? माझी गाडी स्वस्तातली आहे. आंधळी नसती तर माझं नाव इथं कुणाला माहीत तरी झालं असतं का?"

दोघातिघांनी टेबलावर बोटं वाजवून होकार दिला. मग मास्तर उठला. एरवी इतका बोलणारा माणूस, पण त्यानं फार लांबवलं नाही.

"ठिणगी म्हणते त्यातलं एक अक्षर खोटं नाही," तो म्हणाला. "आंधळी गेली की हा ट्रॅक चारचौघांसारखा होईल. तो असता तर त्यानं आज माझं डोकं फोडलं असतं." त्यानं खिडकीतून ट्रॅककडे बघितलं. "तरी काढा. मला दुसरं काही सांगता येत नाही."

आणि तो बसला.

मतं मोजली. काठावर का होईना, आंधळी काढायचं ठरलं. ठिणगी कुणाकडे न बघता निघून गेली. खाली मेकॅनिकांना कळलं तेव्हा त्यांनी हातातली कामं थांबवली नाहीत, पण मास्तर जवळून गेला तेव्हा एकानं पाठ फिरवली. पूर्वी तो आला की कुणीतरी, "मास्तर, आज गृहपाठ काय?" असं ओरडायचं. ते बंद झालं. त्या हंगामाच्या शेवटी त्यानं शर्यत सोडली. कारण कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. शिकवायचं काम तेवढं ठेवलं.

यंत्रं आली. उंचवटा कापला, माती ट्रकांत भरून नेली, रस्ता आत घेतला आणि दोन संथ वळणांत मोडून टाकला. बाहेरच्या बाजूला आता खडीचं मोठं मैदान आणि त्यापलीकडे टायरची भिंत.

काम संपत आलं तेव्हा व्यवस्थापक एक दिवस धाकटीच्या दुकानी आले. हातात कापडात गुंडाळलेली एक पत्र्याची पाटी होती. बसा म्हटलं तरी बसेनात.

"कार्यालयाच्या भिंतीवर सगळ्यात जलद फेरीचा विक्रम लावलेला असतो," ते म्हणाले. "त्यांच्या नावाचा होता. पण ट्रॅक बदलला की जुने विक्रम धरत नाहीत. नव्यानं सुरुवात करावी लागते. नियमच आहे तसा. पाटी टाकून देणं बरं दिसेना, म्हणून..."

धाकटीनं पाटी घेतली. "म्हणजे आता त्याचा विक्रम कुणी मोडला, असंही होणार नाही."

"नाही. आता तुलनाच राहिली नाही."

ते गेल्यावर सासूबाईंनी पाटी मागून घेतली. बाहीनं पुसली. लेकाच्या नावावरून बोट फिरवलं.

"हे असं होणार, तुला आधी ठाऊक होतं?"

"नाही, आई."

"असतं तर?"

धाकटीनं मशिनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. ओवला जाईना. सासूबाई पाटी घेऊन आत गेल्या. त्यांनी ती कुठं ठेवली ते धाकटीनं शोधलं नाही.

नव्या ट्रॅकवरच्या पहिल्या शर्यतीला धाकटी स्वतःहून येते म्हणाली. मास्तरनं तिला नव्या वळणासमोरच्या जाळीपाशी उभं केलं. गाड्या यायच्या, करकचून ब्रेक लावायच्या, मुंग्यांसारख्या एकामागून एक वळायच्या आणि निघून जायच्या. मागच्या बाकांवरचा एक प्रेक्षक शेजाऱ्याला म्हणत होता, "पूर्वी इथं जीव मुठीत यायचा. आता जांभया येतात." मास्तरनं धाकटीकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

शर्यत निम्मी झाली असेल. ठिणगी पुढच्या गाडीला गाठायच्या नादात फार उशिरा ब्रेकवर आली. चाकं अडकली, धूर निघाला, गाडी स्वतःभोवती फिरत फिरत खडीत घुसली. खडीचा फवारा उडाला. धाकटीनं जाळी दोन्ही हातांनी धरली. गाडी रुतत, मंदावत टायरच्या भिंतीला जाऊन टेकली. कुणीतरी दाराला कोपर टेकावं तशी. मग काहीच हललं नाही. मग एक हात बाहेर आला. ठिणगी उतरली, हेल्मेट काढून बगलेत धरलं, गाडीच्या चाकाला एक लाथ घातली आणि खडीतून पाय ओढत चालत येऊ लागली.

जाळीपाशी मास्तर दिसला तशी ती थांबली. चेहरा रागानं लाल झाला होता.

"जुनी आंधळी असती तर इतका उशीर केलाच नसता मी," ती म्हणाली. "तिथं भीती असायची, म्हणून शहाण्यासारखी वागायचे. इथं काय, फार तर खडी."

"लागलं का कुठं?" मास्तरनं विचारलं.

"छे." आणि मग तिला शेजारी कोण उभं आहे ते कळलं. तिचं तोंड उघडं राहिलं. तिनं नजर खाली घेतली, सूटवरची धूळ उगाचच झटकली. सूट धाकटीनंच शिवलेला होता. "येते मी," असं कसंबसं म्हणून ती निघून गेली. नीट, सरळ, दोन पायांवर चालत.

शर्यत संपली, लोक पांगले. मास्तर धाकटीला घेऊन आत उतरला.

"दादा, कुठं?" तिनं विचारलं.

"काय?"

"कुठं झालं ते?"

मास्तर पुढं झाला. हा ट्रॅक तो डोळे मिटून सांगू शकला असता. उभा राहिला, मागं सरकला, पुन्हा पुढं आला. निशाणवाल्याच्या खांबावरून अंदाज घ्यावा तर खांब दुसरीकडे गेला होता. बांध नव्हता. उंचवटा नव्हता, त्यामुळे मागच्या इमारती इथून भलत्याच दिसत होत्या. तो खडीत इकडून तिकडे चालत राहिला.

"इथंच कुठंतरी," तो म्हणाला.

"इथंच कुठंतरी म्हणजे?"

"माती सगळी उचलून नेली गं. मला... मला सांगता येत नाही आता."

धाकटी खडीत बसली आणि रडायला लागली. इतके महिने अडून राहिलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मीच काढायला लावलं," ती म्हणत होती. "आणि पुन्हा विचारलं तरी काढाच म्हणेन. पण यायला जागा राहिली नाही रे." मास्तर तिच्याशेजारी बसला. समजावून सांगण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिचं रडून संपेपर्यंत तसाच ठेवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई दाराशी नेहमीच्या जागी होत्या. त्यांनी सुनेचे सुजलेले डोळे बघितले, त्याबद्दल काही विचारलं नाही.

"कसं काय झालं?"

"बरं झालं. एक गाडी फिरली. त्याच वळणावर."

सासूबाईंचा हात दाराच्या चौकटीवर गेला. "कोण होतं?"

"ती ठिणगी. खडीत गेली, भिंतीला जाऊन लागली."

"मग?"

"मग काही नाही, आई. उतरली आणि चालत आली."

"चालत?"

"हो."

"स्वतःच्या पायांनी?"

"स्वतःच्या पायांनी. भांडत होती वर."

सासूबाईंनी मान हलवली. एकदा, दोनदा. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तिच्या आईला बरं वाटलं असेल." मग चौकटीला धरून त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

धाकटी दाराबाहेर उभी राहिली. आतून आवाज येत नव्हता. तिनं दोनदा हाक मारली, मग मारायची थांबली. स्वयंपाक गरम करून तिनं दोन ताटं वाढली, दोन्ही झाकून ठेवली, आणि बंद दाराला पाठ टेकून खाली बसली.